मेट्रनबाईंचा दारातला आवाज

अर्णव, ओवी, असल्या गोष्टींवर तुमच्या आजीचा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणून हे वाचताना मी कुठे फसले ते शोधा... मला सापडलेलं नाही.

तुमचे आजोबा गंगापूर रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलात होते. रक्तातून दुसऱ्याला लागणारी कावीळ. त्यांना वापरलेली सुई कोणाला टोचली तर धोका, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. तरी तिथल्या मुख्य नर्स, मेट्रनबाई, हातमोजे घालायच्या नाहीत. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवायच्या. मी हटकलं, तर म्हणाल्या, "आजी, हे हात मुरलेत आता. मोजे शिकाऊ पोरींना!"

मग कुठली पोर स्वतःला शिकाऊ म्हणवून घेणार? रोहिणी सिस्टरचे मोजे खिशातच. आणि घरी तिचं तान्हं बाळ.

त्या दुपारी तिने आजोबांना इंजेक्शन दिलं, टोपण उचललं... एवढ्यात दारातून मेट्रनबाईंचा आवाज — "रोहिणी, टोपण राहू दे! बाळ वाट बघतंय."

ती दचकली. टोपण हातातून सुटलं, सुई ट्रेमध्ये पडली. दारात कोणीच नव्हतं.

मला पहिला संशय आजोबांचा. नकला करायची त्यांची जुनी खोड.

"अहो, तुमचा चावटपणा?"

ऑक्सिजनचा मास्क सरकवून ते म्हणाले, "इथे श्वास घ्यायची मारामार, नकला कसल्या करतोय!"

मी पलंगाखाली, पडद्यामागे पाहिलं — कोणाचा मोबाईल वगैरे? काही नाही. मेट्रनबाई तेव्हा खाली औषधांच्या दुकानात होत्या. दुकानदार शपथेवर सांगतो. शपथेवर! तिथेच मला काळंबेरं वाटलं.

त्या वर आल्या. रोहिणीने भीत भीत विचारलं, "मॅडम, हाक मारलीत?"

"मी? खुळी का काय!"

काय ऐकलं ते मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. खरंखोटं करायचं होतं. रोहिणीलाही गप्प राहायला बजावलं.

दुसऱ्या दुपारी तिने मोजे घातले होते, पण हात सवयीने टोपणाकडे गेलाच.

"रोहिणी, टोपण राहू दे! बाळ वाट बघतंय."

तोच सूर, तेच शब्द. या वेळी दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. हातांत मोजे.

"आज मोजे कसे?" मी विचारलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "काय सांगू आजी... सकाळपासून कोणीतरी मागे उभं राहून माझे हात बघतंय, असं वाटतंय."

आदल्या दिवशीचे शब्द आपण त्यांना सांगितले नव्हते, असं रोहिणी म्हणते. मेट्रनबाईंवरचा माझा संशय मात्र अजून गेलेला नाही... फक्त संशय कसला, ते मला सांगता येत नाही.