खत नको असलेलं कुरण

शाळा अर्धवट सोडून आलेल्या मला जर्मनीतल्या बव्हेरियाच्या डोंगरातल्या एका आजींनी गोठ्यात काम दिलं, ते उपकार मी जन्मभर मानेन. त्यांच्या उतारावरच्या कुरणाला त्या कधीच खत घालत नसत. फुलांचं बी झडल्यावरच गवत कापायचं. त्या दवाखान्यात असताना त्यांचा मुलगा शेणपाण्याचा टँकर घेऊन आला. मी फाटक अडवलं.

"शेतकऱ्याचं पोर ना तू? आणि खताला नको म्हणतोस?" तो हसला.

"खत शेताला! इथं नुसतं गवत माजेल, फुलं मरतील."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

माझा व्हिसा त्याच कामावर अवलंबून होता.

"नाही येत. पण आधी आईला फोन लाव, तिला सांग."

त्यानं फोन लावला नाही. शिव्या देत टँकर वळवला. मेला भित्रा! आई अंथरुणाला खिळायची वाटच बघत होता.