सावळदऱ्याच्या प्रेक्षकांना बंदी आणि माझं सुंदर अक्षर

खरं म्हणजे हे कोणालाच सांगायचं नाही असं ठरलंय. सरपंचकाकांनी तशी शपथच घातली आहे. पण असला घोटाळा पोटात किती दिवस ठेवू? तुम्ही आपले ऐका आणि चहाबरोबर गिळून टाका.

वणीजवळच्या आमच्या गावात दरवर्षी फुटबॉलचे सामने होतात. यंदा अंतिम सामना शेजारच्या सावळदऱ्याशी. आमचा गोलकीपर म्हणजे माझा दादा. पुढच्या वर्षी तो वयात बसत नाही, म्हणजे चषक उचलायची ही शेवटची संधी.

गेल्या वर्षी सावळदऱ्याचे लोक दोन ट्रॅक्टर भरून आले, जिंकले आणि सरपंचकाकांच्या दारासमोर पाऊण तास नाचले. झालं! तेव्हापासून काकांना सार्वजनिक सुरक्षेची झोप न येण्याइतकी काळजी. यंदा पाहुण्या प्रेक्षकांना बंदी!

विरोधी गटाचे देवरावकाका ग्रामसभेत गरजले, "अरे, सोयऱ्यायले बंदी? अर्ध्या गावाची सासुरवाडी हाये ते!"

"म्हणूनच तं भेव हाये!" सरपंचकाका म्हणाले.

अक्षर चांगलं म्हणून फलक लिहायला मला बोलावलं. मला नाही म्हणता येत नाही. हो सुद्धा मी मानेनेच म्हणते.

"लिही बेटा, सावळदऱ्याच्या मानसायले मैदानात मनाई."

मी अडले. सावळदऱ्याचा माणूस ओळखायचा कसा? कपाळावर लिहिलेलं असतं का? विचारायची तर हिंमत नाही. मग आठवलं, शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ असतं! मी लिहिलं, "सार्वजनिक सुरक्षेच्या कारणास्तव, सावळदरा येथे जन्मलेल्या कोणत्याही व्यक्तीस मैदानात प्रवेश नाही."

काय भारदस्त वाक्य! काकांनी चष्मा नसताना वाचल्यासारखं केलं आणि शिक्का मारला.

आलं का लक्षात? माझ्या नाही आलं! आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि गावातल्या अर्ध्या आयांचं माहेर सावळदरा. मी दुसरी, म्हणून इथे जन्मले. दादा पहिला!

सामन्याच्या दिवशी देवरावकाकांनी फाटकावर फलक मोठ्याने वाचला आणि हवालदारांना म्हणाले, "साहेब, कायदा म्हंजे कायदा. खेळाडूयचे जन्मदाखले अर्जालेच जोडले हायेत. पाहा!"

"फलकावर जे लिहिलं, ते मी पाहतो," हवालदार म्हणाले. त्यांनी खरंच पाहिलं. आमचे पाच खेळाडू बाहेर. दादा हातमोजे घालून फाटकाशी उभा.

"काहून? मी गोलकीपर हावो!"

"जन्मले कोठी?"

दादा हातमोजे काढू लागला.

चषक द्यायला आलेल्या सरपंचकाकू बाहेर. सरपंचकाका मध्ये पडले, तर देवरावकाकांनी गोड आवाजात विचारलं, "आन् तुमी कोठी जन्मले जी?" काकाही बाहेर!

आणि सावळदऱ्याचे खेळाडू न् प्रेक्षक? त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आया आमच्या गावच्या! पोट्टे जन्मदाखले फडकवत थेट आत. प्रत्येकावर आमच्याच पंचायतीचा शिक्का.

"आमी इथलेच, साहेब! जय हो!"

गोलमध्ये सरपंचांच्या भाच्याला उभं केलं. त्याला चेंडू आवडत नाही. आम्ही सहा-शून्यने हरलो. सहाही गोलांना आतून टाळ्या पडल्या आणि आमचं गाव भिंतीवरून टाचा उंचावून बघत राहिलं. सार्वजनिक सुरक्षा मात्र उत्तम राहिली. भांडायला आत आमचं होतं कोण?

तेव्हापासून दादा धड जेवत नाही. "ज्यानं लिहिलं ना, तो भेटू दे मले एकदा!" असं भाकरीला सांगतो. मी वरण वाढते.

काल सरपंचकाकांनी पुन्हा बोलावलं. "बेटा, तुहं नाव मी काही काढत नाही. पण लोकं विचारून राह्यले. चौकशी लावल्यासारखं दिसलं पाहिजे. एक नोटीस लिहून दे."

मी मान हलवली. लिहिलं, "सदर फलक लिहिणाऱ्या अज्ञात व्यक्तीचा कसून शोध सुरू आहे." पहिल्यापेक्षाही सुरेख आलं हो! र ला तीच लांब शेपटी, शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी. आज सकाळी ती पंचायतीबाहेर लावली. नेमकी मैदानावरून काढून आणलेल्या त्या जुन्या फलकाच्या शेजारी.

दादा मघाशी तिकडेच गेला आहे. जाऊ दे, त्याला कुठे अक्षरातलं कळतं! तर मी काय सांगत होते, सुंदर अक्षराचा माणसाला—

"मने! पंचायतीपाशी ये जरा! आन् येतानी तुही मराठीची वही आण!"

आले दादा! ... वही कशाला मागतोय हा? हां, तर सुंदर अक्षराचा माणसाला आयुष्यात—