साडेआठ म्हणजे साडेआठ

मला राग पटकन येत नाही. पण एकदा आला की चहा पिऊन परत जाणाऱ्यातला नाही, मुक्कामालाच राहतो. दोन वर्षांपूर्वी आलेला राग माझ्याकडे चांगला अकरा महिने राहिला. मी त्याला वेळच्या वेळी खाऊपिऊ घातलं, आणि मग एका सकाळी कामाला लावलं.

आमचं नांदुऱ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. नवऱ्याला आणि त्याच्या तीन मित्रांना मोटारींच्या शर्यतीचा नाद. मैदानात गोल फिरणारी शर्यत नव्हे. डोंगरातला मुरमाचा रस्ता काही तास बंद ठेवतात आणि त्यावरून एकामागून एक गाड्या सोडतात. प्रत्येक गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा बाजूला बसून वहीतून रस्ता वाचतो: पुढे डावं वळण, मग उतार, मग मोठा खड्डा. चालवणाऱ्याने ते ऐकायचं आणि वळण दिसायच्या आधीच गाडी वळवायची.

रात्री जेवणं झाली की नवरा फोनवर हे व्हिडिओ लावून बसायचा. मी बाजूला मेथी निवडत असायचे. एका व्हिडिओत ती वही वाचणारी बाई होती. तिने 'डावीकडे' म्हटलं की चालवणारा डावीकडे, 'थांब' म्हटलं की थांबलाच. अख्ख्या व्हिडिओत तो एकदाही 'माहीत आहे मला' म्हणाला नाही. माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. आमच्याकडे मी 'इथून वळा' म्हटलं की 'माहीत हाय मले' हे उत्तर ठरलेलं, आणि मग आम्ही खामगावच्या लग्नाला निघून भलत्याच गावच्या पाराला प्रदक्षिणा घालून येतो. बाजूच्या सीटवरच्या बाईचं ऐकणारा पुरुष मला एकदा डोळ्यांनी बघायचा होता. शर्यतीत मला एवढाच रस होता, आणि तो फार होता.

त्यामुळे पहिल्या वर्षी सगळी तयारी मीच केली. शर्यत मनमाडच्या पुढच्या डोंगरात होती, माझ्या मावशीच्या सासरच्या अंगाला. फोनच्या नकाशात बघून मी बसायची जागा काढली. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं नाही, गाडी घसरली तर तिथेच येते. जरा उंचावर बसायचं आणि वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे धूळ समोरच्यांच्या तोंडात जाते. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर जळगाव जामोदकडचं, लहानपणी तूर उपणताना वाऱ्याची चुकीची बाजू धरली की काय होतं ते नाकातोंडाने शिकलेली आहे. त्या वळणावर मला एक कडुनिंब सापडला, सावलीसकट. मी कागदावर सगळं लिहिलं, चाळीस तिखट पुऱ्या केल्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, आणि निघायच्या दिवशी नवी ओढणी घेऊन गाडीपाशी गेले.

माझ्या सीटवर बर्फाची पेटी बसली होती.

एका मित्राने आणली होती, थंड बाटल्यांसाठी. मागे डिकीत सतरंज्या आणि बॅगा होत्या, म्हणून पेटी सीटवर. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू काय करशीन तिथं? धूळच खाशीन. पुढच्या साली नेतो तुले." मग त्याने माझ्या हातातून डबा घेतला, कागदही घेतला, आणि गाडी गेली. दुपारी फोनवर फोटो आला. कडुनिंबाच्या सावलीत चौघं, पुढ्यात माझ्या पुऱ्या. आयत्या बिळावर चार नागोबा. घरी आल्यावर एक मित्र म्हणाला, "वहिनी, काय जागा शोधली यानं!" नवरा नुसता हसला. आणि मग सहज सांगितलं, "एका गाडीत बाई होती वं, वही वाचून राह्यली होती."

त्या दिवशी मी डूख धरला. खोटं कशाला बोलू?

अकरा महिने मी बदल्याचे बेत केले. ठेच्यात मिरच्या दुप्पट घालाव्यात, असं आधी वाटलं. पण ती वऱ्हाडी पोटं, त्यांना काय होणार, उलट वाखाणतील. चुकीच्या गावाचं नाव लिहून द्यावं असंही वाटलं. ते जमलं असतं, पण उद्या 'बायकोने फसवलं' म्हणून तेच गावभर मिरवले असते. मला असा बदला हवा होता की ज्यात माझा एक शब्दही खोटा निघू नये.

तो मला आमच्या घरच्या रीतीतच सापडला.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या घरच्या माणसाईले टाइम खरा सांगाचा नाही. एक घंटा अगोदरचा सांगाचा." कारण आमच्या घरचा एकही पुरुष आयुष्यात वेळेवर पोचलेला नाही. दहाला निघायचं असेल तर नऊ सांगायचं. पुढे नवऱ्याच्या ते लक्षात आलं. मग मी नऊ सांगितलं की तो मनातल्या मनात दहा करायचा आणि दहाला तयार व्हायचा. माझं खोटं आणि त्याचा आळस एकमेकांना खाऊन टाकायचे आणि आम्ही वेळेवर पोचायचो. चौदा वर्षं संसार असाच चालला. त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

शर्यतीच्या सूचना आल्या. पहिली गाडी साडेदहाला, पण प्रेक्षकांचा रस्ता दोन तास आधी, साडेआठला बंद. एकदा दोरी बांधली की आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. कलेक्टर आला तरी सोडणार नाहीत, असं मावशीने फोनवर सांगितलं. ते वाचता वाचता मी एकटीच स्वयंपाकघरात हसले.

त्या रविवारी चौघं आमच्या ओसरीवर बसून बेत करत होते. आदल्या दिवशी निघायचं, तिथल्या लॉजवर राहायचं, सकाळी डोंगरात. मी चहा ठेवला आणि म्हणाले, "मी आदल्या दिवशी रेल्वेने मावशीकडे जाते. सकाळी शेतातून चालत जाऊन आपली जागा धरून ठेवते. डबाही माझ्याकडेच राहू द्या."

नवऱ्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. सुंठीवाचून खोकला गेला. पेटीला सीट मिळाली, जागा धरायला माणूस मिळालं. "वा! सतरंजी मोठी नेजो," तो म्हणाला. "किती वाजता पोचाचं?"

"साडेआठच्या आत. साडेआठला रस्ता बंद होतो."

त्याने मित्रांकडे बघून डोळा मारला. "म्हणजे साडेनऊ."

सगळे हसले. मी म्हणाले, "नाही हो, खरंच साडेआठ."

"हाव, हाव."

इथे माझ्या मनाची गोष्ट सांगते, कारण नंतर मला कोणी कपटी म्हणू नये. मला बदला हवा होता, पण त्याला मी एक पळवाट ठेवली होती. त्याने माझा शब्द एकदा, एकदाच, जसाच्या तसा घेतला असता तर मी सगळं सोडून दिलं असतं. बर्फाची पेटीसुद्धा. म्हणून मी निघायच्या दिवशी पुन्हा सांगितलं. कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. स्टेशनवर त्याने माझी पिशवी डब्यात चढवली तेव्हा तिसऱ्यांदा म्हणाले, "या वेळी एक तास धरू नका. वेळ खरी आहे."

"तू दर खेपेले असंच म्हणतं," तो म्हणाला. आणि ते बरोबरच होतं. मी दर वेळी तसंच म्हणत आले होते.

सकाळी सातलाच मी कडुनिंबाखाली पोचले. पाच माणसांची सतरंजी अंथरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. वारा पाठीवर होता. आठ वाजले तेव्हा मी वळणाच्या खालच्या वाटेकडे बघायला लागले. सव्वाआठला उठून उभी राहिले. येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला आमचीच वाटत होती. बदला घ्यायला बसलेल्या बाईने असं वाट बघत उभं राहावं, हे मला स्वतःलाच पटत नव्हतं. साडेआठला दोन पोरसवदा शिपाई आले, शिट्टी वाजवली आणि दोरी बांधली.

मी खाली बसले आणि एक पुरी खाल्ली.

सव्वानऊला फोन आला. "अवं, इथं रस्ता बंद करून टाकला ना! सोडूनच नाही राह्यले."

"मी साडेआठ सांगितलं होतं."

"म्हणजे साडेनऊ ना!"

"साडेआठ म्हणजे साडेआठ."

तिकडे मागून एक मित्र कोणाला तरी विनवत होता, "दादा, वहिनी आतमंधी हाय, डबा हाय आमचा." मला इतकं गोड हसू आलं की ओढणी तोंडाला लावावी लागली.

"काऊन केलं असं तू?" नवऱ्याने विचारलं.

"मी काय केलं? खरं सांगितलं. मागच्या वर्षी माझ्या सीटवर पेटी बसली होती, आठवतं का?"

"तू आजून तेच धरून बसली?"

"हो. तेच."

फोन मी ठेवला. शेजारच्या सतरंज्यांवरच्या लोकांना बोलावून पुऱ्या वाटल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी ठेच्याची फार तारीफ केली. आपल्या माणसांच्या तोंडचा घास परक्याला देताना मी उलट दुप्पट वाढत होते.

मग गाड्या आल्या. आधी डोंगराच्या पलीकडून आवाज, मग धुळीचा लोट, आणि गाडी वळणावर आडवी होऊन गेलीसुद्धा. सगळी धूळ समोरच्यांच्या अंगावर. आत दोन हेल्मेट दिसायची. बाई कोणती, पुरुष कोणता, काही कळेना. पण एक हेल्मेट खाली वहीत झुकलेलं असायचं आणि दुसरं सरळ समोर. आणि वळण दिसायच्या आधीच गाडीचं तोंड फिरलेलं असायचं. प्रत्येक वेळी मी ओरडले. आजूबाजूच्यांना वाटलं बाईला शर्यतीचं भारी वेड आहे. मी ओरडत होते ते त्या ऐकणाऱ्या माणसासाठी.

दुपारी दोरी सुटली. मी सतरंजी आणि रिकामा डबा घेऊन खाली उतरले. चौघं गाडीला टेकून उभे होते, उन्हाने काळवंडलेले. बर्फाचं पाणी झालं होतं. एक मित्र म्हणाला, "वहिनी, तुमी पुढं बसा," आणि स्वतः पेटी डिकीत कोंबली. म्हणजे बॅगा आणि सतरंजीसकट ती डिकीत मावत होती. दोन्ही वर्षं मावत होती.

माझा निवत आलेला राग तिथे पुन्हा पेटला.

मावशीच्या गावाच्या अलीकडे रस्ता फुटतो. उजवीकडे गेलं की हायवे. डावीकडे कांद्याच्या चाळी आणि शेतं, पुढे काही नाही. हा मुलूख मला पाठ, गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला नवा; सकाळी ते लॉजवरून दुसऱ्या वाटेने आले होते. मागचे तिघं केव्हाच पेंगले होते. फाटा आला तेव्हा मी म्हणाले, "डावीकडे."

'माहीत हाय मले' येईल म्हणून मी तयार होते. तो ते म्हणणार, उजवीकडे वळणार आणि नेमका बरोबर रस्त्याला लागणार, हेही मला चालणार होतं. 'तेव्हाही माझं ऐकलं नाही' हे आयुष्यभर ऐकवायला मिळालं असतं.

त्याने फाट्याकडे बघितलंही नाही. माझा शब्द तोंडातून पडला आणि गाडीचं तोंड डावीकडे फिरलं.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण पेटी डोळ्यांसमोर होती, म्हणून मिटलं. रस्ता अरुंद झाला, मग मुरमाचा झाला, मग बैलगाडीची चाकोरी, आणि शेवटी एका कांद्याच्या शेतात संपला. त्याने गाडी बंद केली. मागे कोणी जागं झालं नाही. मी त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते, सगळी उत्तरं तयार ठेवून.

तो समोरच्या वाफ्यांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "तू म्हणलं म्हणून वळलो ना मी."

त्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. चाक वाफ्याच्या बांधाला लागत होतं. मी काच खाली करून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "थोडं उजवीकडे घ्या."

त्याचे हात स्टिअरिंगवर थांबले. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "खरं?"