राजाराम परबांचे दोन कांदे

राजाराम परबांना घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत कोणी परब म्हणत नाही, कांदेकाका म्हणतात. ट्रॉम्बेच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं कांद्यांना मुळं आणली. पाण्याच्या ग्लासावर कांदा बसवायचा, मुळं फुटली की साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. साहेब मुळांची टोकं कापून मायक्रोस्कोपखाली बघत, किरणांनी पेशींचं आणि त्यांच्यातल्या डीएनएचं काय झालं ते. एवढ्यावर हा माणूस निवृत्तीनंतर अख्ख्या इमारतीचा शास्त्रज्ञ झाला, आणि आम्ही त्याला होऊ दिलं.

मुलगी रुचिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मात्र हद्द झाली. तिचा नवरा नितेश मालवाहू बोटीवर. संध्याकाळी अर्धा तास त्याचा फोन येई, आणि त्या अर्ध्या तासासाठी ती पोर दिवसभर तग धरून असे. कांदेकाकांनी पहिल्याच दिवशी फोन काढून घेतला.

"पोटातल्या पोराचो डीएनए तुटात," ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या, मोबाइलच्या लहरींत डीएनए तोडायची ताकद नसते. फार तर कान जरा गरम होतो."

"तुझ्या डॉक्टरणीन कधी कांदो लावल्यान हा?"

शेवटी ठरलं, दहा दिवस कांद्यांची परीक्षा. एक कांदा फोनला खेटून, दुसरा फोनपासून सगळ्यात लांब, म्हणजे देवघरात. ग्लासांवर चिठ्ठ्या डकवल्या, 'फोन' आणि 'देव'. फोनजवळच्या कांद्याची मुळं बिघडली, तर बाळंतपण होईपर्यंत घरात फोन नाही.

पण फोन नुसता पडून राहिला तर परीक्षा कसली? त्यावर बोलणं हवं. म्हणून नितेशने रोज अर्धा तास कांद्याशी बोलायचं, असा हुकूम सुटला. फोन स्पीकरवर, रुचिरा दहा फुटांवर गॅलरीत, आणि मध्ये स्टूल टाकून कांदेकाका. तिने तिथून ओरडून उत्तर दिलेलंही त्यांना चालेना. आवाजाचा कांद्यावर निराळा परिणाम होतो म्हणे!

पहिल्या दिवशी नितेश लाजला. "कांद्या, जेवलास का?" एवढंच म्हणाला. चौथ्या दिवशी तो सांगत होता की यार, इथे झोपच लागत नाही. सातव्या दिवशी म्हणाला, "कांद्या, बाळ होईल तेव्हा मी तिथे नसेन ना, तर रुचिराला सांग, माझ्यावर रागावू नको." मी डबा परत द्यायला गेले होते. मला रडू आलं, कांद्यापायी, तेही न चिरता. रुचिरा कठडा घट्ट धरून उभी होती आणि कांदेकाका फूटपट्टीने मुळं मोजत होते. दोन्ही कांद्यांची लांबी रोज सारखीच भरत होती, पण बिघाड आत असतो, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा असा संताप आला!

दहाव्या दिवशी संकष्टी होती, आणि निकाल बघायला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले होते. त्यांच्या बायकोने, रत्नप्रभाकाकूंनी, सकाळी देवघर पुसायला घेतलं आणि दहा दिवस गिळलेला राग बाहेर आला. "देवाफुडे कांदो! लाज वाटणा नाय?" म्हणत त्यांनी तो ग्लास ओट्यावर नेला, हात लागलाच आहे तर फोनजवळचाही नेला, आणि दोन्ही ग्लास चिठ्ठ्यांसकट घासून लख्ख केले. मग कांदे परत त्यांवर नीट बसवून ठेवले.

कुठला फोनचा आणि कुठला देवाचा, हे आता कोणालाच सांगता येईना.

"असू दे," रुचिरा म्हणाली. "बाबा, तुम्ही मुळं बघून सांगा ना, कुठलं बिघडलंय ते."

कांदेकाकांनी एक कांदा उचलला, मग दुसरा. दोन्हींची मुळं खिडकीच्या उजेडात धरून बघितली.

"माका काय म्हायत," ते म्हणाले. "बिघडलेला मूळ कसा दिसता, ता मी कधी बघूकच नाय. एकतीस वर्सां कांदे दिलंय. त्या मायक्रोस्कोपाक डोळो लावूक माका कोणी देवकच नाय."

त्यांनी कांदे खाली ठेवले. माझा सगळा राग तिथेच विरघळला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

संध्याकाळी फोन वाजला. कांदेकाकांनी तो स्वतः सुरू करून रुचिराच्या हातात दिला आणि स्टूल उचलून आत गेले.

"कांद्या," स्पीकरवर नितेश म्हणाला, "आज समुद्र शांत आहे."

"कांदा नाही रे," रुचिरा म्हणाली. "मी आहे."

आत कांदेकाका दोन्ही ग्लासांतलं पाणी बदलत होते.

"स्पीकर बंद कर गो," त्यांनी तिथूनच हाक मारली. "फोन कानाक लाव."