हातगुणाची परीक्षा

दवाखान्यातल्या मलमपट्टीच्या खोलीत दोन टेबलं होती. खिडकीजवळचं पट्टी बांधणाऱ्या बाईंचं, आतल्या भिंतीकडचं त्यांच्या जोडीदाराचं, ज्याला सगळे पैलवान म्हणत. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली असायची, आणि त्यातली बहुतेक बाईंसाठी. पैलवान दारात येऊन "चला, कोण येतंय?" म्हणून विचारायचा, तेव्हा जो तो आपल्या चपलांकडे बघू लागायचा.

"आम्ही थांबतो," कोणीतरी हळूच म्हणायचं.

बाईंच्या हाताला गुण आहे की नाही, हे त्या कारखान्यांच्या वस्तीत कोणी विचारत नव्हतं; सगळे मानतच होते. पैलवान कामात कुठेही कमी नव्हता. पण त्याचे पंजे फावड्यासारखे, आवाज घोगरा, आणि 'हात जड आहे त्याचा' हा शिक्का एकदा बसला तो बसलाच. त्यानेही तो मुकाट्याने अंगाला लावून घेतला होता. टेबल रिकामं असलं की तो बाईंसाठी कापसाचे बोळे करून ठेवायचा.

बाईंना हातगुणाचं पहिल्यांदा सांगितलं होतं त्यांना काम शिकवणाऱ्या जुन्या सिस्टरांनी. बाई तेव्हा नुकत्याच कामाला लागल्या होत्या. एका लोहाराची भाजलेली पाठ त्यांनी साफ केली, तेव्हा सिस्टर मागे उभ्या राहून बघत होत्या. "तुझ्या हाताला यश आहे पोरी," त्या म्हणाल्या, "हे शिकवून येत नाही." त्या सिस्टरांचा शब्द बाईंना देवाच्या जागी होता. पुढे लोक तेच म्हणत गेले, आणि बऱ्या झालेल्या जखमा दाखवायला येत गेले. घरी नवरा मात्र थट्टा करायचा. तो शिंपी होता. तोंडात दोरा धरूनच बोलायचा. "एवढा गुण आहे हाताला, तर चहात का उतरत नाही म्हणतो मी?" बाई हसायच्या. मनातून त्यांना ते सगळं आवडत होतं. का आवडू नये?

एका वर्षी भाचीच्या लग्नासाठी बाई रजेवर गेल्या. परत आल्या त्या सकाळी बाकावर एक वेल्डर बसला होता, बायकोच्या खांद्याला टेकून. पायाला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळलेली. बाईंनी ती सोडायला घेतली आणि वासावरूनच त्यांना जखम चिघळल्याचं कळलं. नडगीवर पत्रा पडून झालेली जखम, साधीच असावी मुळात. आता भोवतीची कातडी काळीनिळी पडली होती.

"कधी लागलं हे?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी," वेल्डर म्हणाला. तापाने त्याचे डोळे तांबारले होते. "आलो होतो मी इथे. तुमचं टेबल बंद दिसलं, म्हणून घरी गेलो."

"अरे, मग पैलवान होता ना!"

"त्यांना तुमच्याच हातची पट्टी हवी होती," बायको म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेशही नव्हता; होती ती भक्ती. "मी म्हटलं, थांबू या. बाई आल्या की होईल सगळं नीट."

नीट झालं नाही. त्याला मोठ्या इस्पितळात हलवलं, आणि तिथे गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

बातमी आली त्या संध्याकाळी बाईंनी ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्याने मशीन थांबवलं. "तू काय केलंस त्यात?" तो म्हणाला. "तू तर इथे नव्हतीसच."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "मी नव्हते म्हणून तो थांबला. माझ्या हातात खरंच काही असेल, तर त्याचं थांबणं निदान वेडेपणाचं तरी नव्हतं. आणि नसेलच काही, तर कशासाठी गेला त्याचा पाय?"

नवऱ्याने पुन्हा मशीन सुरू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माझ्या हाताला गुण आहे की नाही, हे मला कळायला हवं. कसं कळेल, ते सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली. "आधी मला सांगा, आहे असं तुम्हाला आजवर कशावरून वाटलं?"

बाईंनी विचार केला. "सिस्टरांनी सांगितलं. सगळे लोक म्हणतात. मी स्वतः जखमा भरताना बघितल्यात. आणि... आतून वाटतंच की हो."

"आपल्याला जे माहीत असतं, त्यातलं बरंचसं असंच तर कळलेलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणा मोठ्या माणसाने सांगितलं, चारचौघे म्हणाले, आपण पाहिलं, मनाने कौल दिला. मी काही वेगळी नाही. माझ्या मुलाचा गुडघा फुटला, तेव्हा मीही त्याला तुमच्याच टेबलावर आणला होता. पण ज्यांच्या जखमा चिघळल्या, ते तुम्हाला दाखवायला आले का?"

बरा झालेला माणूस हौसेने येतो. न झालेला दुसरीकडे जातो, नाहीतर घरीच बसतो. हे बाईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मग पैलवानाच्या जखमा आणि माझ्या जखमा शेजारी ठेवून बघू या," त्या म्हणाल्या.

"बघू. पण नीट बघायचं, तर चार गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतील. गुण म्हणजे काय, हेच पहिलं. गुण मोजता येत नाही. जखम किती दिवसांत भरली, ते मोजता येतं."

त्या दोघींनी आणि पैलवानाने मग बसून सगळं ठरवलं. 'भरली' म्हणजे नेमकी कशी, यावरच बराच वाद झाला. बाईंना कोरडी झाली की पुरे वाटायचं. पैलवान म्हणाला, नवी कातडी कडेपर्यंत यायला हवी. त्याचं पटलं. औषध, कापूस, धुण्याची रीत दोन्ही टेबलांवर सारखी. कोणी कुठे जायचं हे ना रोग्याने ठरवायचं, ना बाईंनी. औषधाच्या खिडकीवरची मुलगी चिठ्ठ्या करून डब्यात टाकील, आणि जो येईल त्याला सगळं समजावून, तो हो म्हणाला तर चिठ्ठी काढायला लावील. नाही म्हणणाऱ्याला हव्या त्या टेबलावर जाऊ द्यायचं, पण त्याची जखम हिशेबात धरायची नाही. आणि जखम भरली की नाही हे डॉक्टरीणबाई बघतील, पण पट्टी कोणी बांधली हे त्यांना कळू द्यायचं नाही.

"तुम्हाला का नाही?" पैलवानाने विचारलं.

"कारण मला बाईंचा हात जिंकायला हवाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळा मनाचं ऐकतो, पैलवान."

शेवटी त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, "काय निघालं तर तुम्ही म्हणाल, की गुण नाही? आत्ताच सांगा. नंतर पळवाटा सापडतात."

"माझ्या जखमा त्याच्यापेक्षा लवकर भरल्या नाहीत," बाई म्हणाल्या, "तर मी मानीन."

चिठ्ठ्या सुरू झाल्या. लोक कुरकुरले. एका म्हाताऱ्याने तर पैलवानाची चिठ्ठी आली म्हणून डबाच हलवून पाहिला, तळाशी काही लबाडी आहे का ते. पण बाई स्वतः दारात उभ्या राहून विनवायच्या, म्हणून बरेच तयार झाले.

सुरुवातीच्याच आठवड्यांत एक सकाळ अशी आली, की बाईंची खरी परीक्षा ती. त्यांच्या शेजारची भाजीवाली आली. साखरेचा आजार, तळपायाला खोल जखम. अशा जखमा महिनोन् महिने भरत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. तिची चिठ्ठी निघाली बाईंची. तिच्यामागून एक तरणाबांड सुतार, बोटाला जेमतेम कापलेलं. त्याची निघाली पैलवानाची. खिडकीवरची मुलगी आत वळलेली होती. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला कितीसा वेळ लागला असता?

बाईंचा हात पुढे झालादेखील. आणि तिथेच थांबला. कारण त्यांच्या मनात आलं, 'अशी जखम आजवर माझ्याकडे येत का नव्हती?' आणि उत्तर समोरच होतं. चिघळलेली, ओरडणारी, दोघांनी धरून आणलेली माणसं दवाखान्याचा दरवानच परस्पर आत पैलवानाकडे पाठवायचा. पैलवान ताकदीचा, त्यांना धरून ठेवील म्हणून. खिडकीजवळच्या टेबलावर यायचे ते बाकावर बसून थांबू शकणारे. थांबू शकतो त्याची जखम मुळातच हलकी. इतकी वर्षं भरणाऱ्या जखमाच त्यांच्या वाट्याला येत होत्या, आणि न भरणाऱ्या पैलवानाच्या.

बाईंनी भाजीवालीचा पाय मांडीवर घेतला. हात धुताना त्यांनी पैलवानाकडे पाहिलं. तो सुताराच्या बोटाला पट्टी गुंडाळत होता, जपून, जीभ दातांत धरून.

निकाल लागायला पुढचे कितीतरी महिने जावे लागले. डॉक्टरीणबाईंनी मध्येच बघायला ठाम नकार दिला होता. शेवटी त्यांनी दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"फरक नाही," त्या म्हणाल्या. "इकडे एखादा दिवस, तिकडे एखादा दिवस, तेवढं नुसत्या योगायोगानेही होतं. दोन्ही हात सारखेच."

बाईंनी मान हलवली. त्यांना हे येणार ते ठाऊकच होतं, तरी ऐकायला जड गेलं. पैलवान मात्र तसाच उभा होता, दोन्ही पंजे पुढे धरून, ते दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखं त्यांच्याकडे बघत.

"म्हणजे माझा हात जड नव्हता?" त्याने विचारलं.

"नव्हता."

"कधीच नव्हता?"

"आधीचं मी सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मला नाही वाटत."

एवढा आडदांड गडी, पण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. इतकी वर्षं त्यांना मिळालेलं कौतुक याच्याच वाट्यातून वजा होऊन येत होतं.

जरा वेळाने बाईंनी विचारलं, "आणि जे लगेच आले ते, आणि जे उशिरा आले ते? त्यांच्यात?"

"लगेच आलेल्यांच्या लवकर भरल्यात. पण ते मी तितक्या ठामपणे म्हणणार नाही. उशिरा येणारे आधीच दमलेले, उपाशी, दूर राहणारे असतील. त्यावर आपण चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या."

"टाकताही येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "कोणाला मुद्दाम थांबवणार?"

तिघांच्याही मनात एकच माणूस होता.

त्या रविवारी बाई वेल्डरच्या घरी गेल्या. नवरा नको म्हणत होता. "त्याचा पाय तर काही परत येत नाही. निदान त्याची समजूत तरी राहू दे त्याच्याजवळ." पण बाईंना ते पटेना. वेल्डर आता घरी बसून पत्र्याचे डबे जोडून द्यायचा. बायकोने घाईघाईने आसन टाकलं. बाईंनी सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांपासून निकालापर्यंत. काही लपवलं नाही.

वेल्डरने हातातला डबा फिरवून पाहिला.

"म्हणजे त्या दिवशी पैलवानाने पट्टी बांधली असती," तो म्हणाला, "तर चाललं असतं."

"हो. पाय वाचलाच असता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझ्यासाठी थांबायचं काही कारण नव्हतं."

बायको ताडकन उठली. "आम्हाला कशाला सांगितलंत हे?" ती म्हणाली. "कशाला आलात? मी म्हटलं होतं यांना, थांबू या. मी! आता मी काय करू?" आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. बाई तिच्यामागे जायला उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं का, लोक थांबतात ते?" वेल्डरने विचारलं.

"ठाऊक होतं."

"आणि तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत."

"नाही. मला बरं वाटायचं."

त्याने मान डोलवली. रागावला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "आता म्हणत जा," तो एवढंच बोलला, आणि पुन्हा डब्याच्या सांध्याला डाक लावायला बसला.

बाई म्हणू लागल्या. रोज सकाळी बाकासमोर उभं राहून सांगायच्या, "माझ्या हातात वेगळं काही नाही. आम्ही तपासून पाहिलंय." आणि लोक एकमेकांकडे बघून म्हणायचे, "बघा, किती साधी बाई आहे!" रांग उलट वाढली. वर्षानुवर्षांचं मानणं एका निकालाने हलत नाही, हे बाईंना कळून चुकलं. तेव्हा त्या तिघांनी मिळून निवडच काढून टाकली. जो टेबलवाला मोकळा असेल त्याच्याकडे पुढचा माणूस, मग तो कोणी का असेना. दरवानालाही बजावलं, की चिघळलेली जखम ज्याचा नंबर असेल त्याच्याकडे जाईल. आणि पुढे कधीही रजेवर जायचं झालं, तर बाई जायच्या आधी आठवडाभर बाकावरच्या प्रत्येकाला सांगत राहायच्या, की मी नसले तरी खोली उघडी आहे, लागलं की त्याच दिवशी या.

वेल्डरची बायको पुढे कधी बाईंशी बोलली नाही. बाजारात समोरून आली की रस्ता ओलांडायची. बाईंनीही तिला कधी अडवलं नाही.

एकदा एक कामगारीण भाजलेलं मनगट घेऊन आली. नंबर पैलवानाचा होता. "मी त्या बाईंकडेच जाणार," तिने हट्ट धरला, हातवारे केले, आवाज चढवला. बाईंनी आपल्या टेबलावरून वर बघितलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "बसा तिथेच, पैलवानाकडे." मग त्या पुन्हा समोरच्या जखमेवर वाकल्या. ती धुसफुसत बसली. पैलवानाने पट्टी बांधली, ती उठली आणि कोणाकडे न बघता निघून गेली.