वहिमाचं मूळ

सोनईत आमच्या शेजारच्या बाईंसमोर 'वहीम' हा शब्द काढायची सोय नव्हती. हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलेल्या बाई बोलणाऱ्याला तिथंच थांबवत. "मूळ अरबी आहे. अर्थ नुसता भास, मनाचा खेळ. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा आळ झाला."

एकदा भाजीवाली सखूबाई म्हणाली, "बाई, माझी शेळी गेली. चुलत्यावर वहीम हाय माझा." बाईंनी मूळ सांगितलं. "मग शेळी काय भासानं नेली व्हय?" ती फणकारली. मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. "डोळ्यांनी पाहिलंस का?" एवढंच विचारून त्या आत गेल्या.

हे वेड त्यांना मागाहून लागलं. आधी त्यांची धाकटी जाऊ सुनंदा त्यांच्याच घरात होती. गौरी दोघी मिळून बसवायच्या. एका वर्षी विसर्जनाच्या संध्याकाळी लाईट गेलेली, पाहुण्यांची निघायची घाई. मुखवट्यांवरचे दागिने सुनंदाने उतरवले, मुखवटे बाईंनी फडक्यात गुंडाळले. दागिने डब्यात ठेवताना सासूबाईंची नथ सापडेना. बाईंनी नुसतं सुनंदाकडे पाहिलं. "आक्का, माझी पेटी बघा हवं तर," ती म्हणाली. आणि बाईंनी खरंच पेटी उघडून पाहिली.

नथ पेटीत नव्हती. थोड्याच दिवसांत दिरांनी सुप्याला कारखान्यात नोकरी धरली आणि बिऱ्हाड हललं. पुढच्या गौरींच्या आत सुनंदा काविळीनं गेली.

त्या वर्षी बाईंनी फडकं सोडलं तेव्हा मी समोर होते. धाकट्या गौरीच्या नाकात नथ तशीच होती. वर्षभर ती अंधारात नथ घालून बसली होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला तिथं थांबवेना.

आमच्याकडे गौर आत घेताना उंबऱ्याच्या आतून विचारतात, "कोण आलं?" बाहेरची म्हणते, "गौर आली." बाहेरून आणायचं काम सुनंदाचं होतं, तिच्यामागे ते माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी मी उत्तर दिलं, तरी बाई माझ्या खांद्यावरून मागे पाहत राहिल्या.

"तू नाही गं. तुझ्या मागं कोण आहे?"

मी वळले. अंगण रिकामं होतं. "कोणी नाही, बाई. भास झाला तुम्हाला."

"असू दे भास. तिला आधी आत येऊ दे."

दिवाळीनंतर बाई गेल्या. घरात गौरी बसवणारं मागे कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून मुखवटे माझ्या घरी आले. यंदा माझ्या सुनेनं आतून विचारलं, "कोण आलं?" उत्तर देण्याआधी मी दारातून बाजूला सरले. आता मागे दोघी असतात.