मोहरीएवढी पृथ्वी

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही ठाण्याला कोपरीत भाड्यानं राहत होतो. घरमालकीणबाई तिथल्याच जुन्या रहिवासी. थोडी भातशेती, आणि खाडीकाठच्या मिठागरात त्यांच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या काम केलेलं. सगळी आळी त्यांना आजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते आणि घरात माझ्यावरून धुसफूस चालली होती. मला सायन्सला जायचं होतं. ठाण्यात तेव्हा कॉलेज नव्हतं, मुंबईला जावं लागे. दादा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. पास झालीस की टायपिंगचा क्लास लाव, असं त्यांचं म्हणणं. "सायन्स सगळं इंग्रजीतून असतं. तुला झेपायचं नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मीही काही गरीब गाय नव्हते.

त्याच मे महिन्यात ठाण्याच्या थिएटरात रविवारी सकाळच्या खेळाला एक इंग्रजी सिनेमा लागला. आकाशातून दुसऱ्या ग्रहावरचा कुणीतरी येतो म्हणे. अर्धी कोपरी निघाली. बायकांची बसायची जागा वेगळी, मधे कापडी पडदा. आणि आमच्याकडे एक रीत होती. इंग्रजी सिनेमाला जायचं तर शिकलेली एखादी मुलगी बरोबर न्यायची. ती मधोमध बसणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी गोष्ट सांगत राहणार. त्या दिवशी तो मान माझा होता. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी, आणि मागेपुढे पंधरा-वीस जणी.

दिवे गेले. पडद्यावर नुसतं काळंभोर आकाश आणि तारे, ना माणूस, ना गाणं. मग दुरून एक ठिपका मोठा होत होत आला, उपड्या परातीसारखा, आणि गव्हाच्या शेतात अलगद उतरला. आमच्या रांगेत कुणीतरी शेंगदाणे खात होतं, ते थांबलं. दार उघडलं आणि तो बाहेर आला. ताडमाड उंच, अंगावर माशासारखे खवले, कपाळावर मंद उजेड. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आजींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मग त्यातली माणसं बोलायला लागली आणि माझी पाचावर धारण बसली. शाळेत बाईंनी शिकवलेलं इंग्रजी ते हे नव्हतंच. ते लोक शब्द चघळून बोलत होते. चार वाक्यांतलं एकही धड कळेना. "काय म्हणतो गं? काय म्हणतो?" चारी बाजूंनी सुरू. कळत नाही म्हणून सांगायची माझी तयारी नव्हती. पडद्यावर जे दिसत होतं त्यावरून मी गोष्ट लावली. तो वाट चुकलाय, म्हटलं. घरी जायचा रस्ता विचारतोय. शेवटी शेवटी तो समुद्रावर गेला, पाण्यात हात घालून कितीतरी वेळ बघत राहिला. मी सांगितलं, त्याला त्याचं घर आठवतंय. तेवढ्यात शिपाई आले आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. बायका हमसून रडल्या. मीही रडले, कारण तोवर माझा माझ्या गोष्टीवर पुरता विश्वास बसला होता.

बाहेर आलो तर पुरुषमंडळी खुशीत. "बरा मारला!" दादांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांना तर सगळंच टाकाऊ वाटलं होतं, त्या खवल्यांमागची शिवण म्हणे त्यांना दिसली. आई चिडून म्हणाली, "वाट चुकलेल्याला मारला, त्यात बरं काय?" दादा बघतच राहिले. "वाट चुकलेला? अगं, त्यांच्याकडचं पाणी संपलं होतं. तो आपला समुद्र न्यायला आला होता. सिनेमातला तो प्राध्यापक स्पष्ट सांगतो की!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले.

त्या आठवड्यात कोपरीत दोन तट पडले. मिठागरातले पुरुष म्हणत, समुद्र नेला असता तर आम्ही काय करणार होतो? बायका म्हणत, तुम्हाला दयामाया नाही. आणि घरी दादा एवढंच म्हणाले, "या इंग्रजीवर तू सायन्स शिकणार?" कॉलेज आता गेलंच, असं मी मनाशी धरून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी आजी अंगणात बोलावून म्हणाल्या, "पोरी, त्याचा घर कवरा लांब होता गं?"

हे मात्र मला येत होतं. शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकातून मी ते पाठ केलं होतं. मी त्यांच्याकडून एक नारळ मागून घेतला आणि ओट्यावर ठेवला. हा सूर्य. आईच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा आणला, ओट्यापासून सतरा पावलं मोजली आणि विहिरीजवळ जमिनीवर ठेवला. ही आपली पृथ्वी. खाडी, मिठागरं, मुंबई, विलायत, सगळं या दाण्यावर.

"आन् त्याचा गाव?"

"सगळ्यांत जवळचा तारा म्हणजे दुसरा नारळ. तो चीनमध्ये, आजी. आणि मधे काही नाही. नुसता अंधार."

आजी ओट्यावरून उठल्या. नारळाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, मग वर. नुकत्याच दोन-तीन चांदण्या दिसू लागल्या होत्या. मलाही, पाठ केलेलं असूनही, ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं. भीती वाटली आणि तरी विलक्षण आनंद झाला.

तेवढ्यात दादा कचेरीतून आले, काखेत छत्री, सरळ विहिरीकडून.

"दादा, थांबा! तुमच्या पायाखाली पृथ्वी आहे!"

ते एक पाय उचलून तसेच उभे राहिले. मी घाईघाईनं सगळं पुन्हा सांगितलं. सूर्य, मोहरी, चीन. ते छत्री टेकून खाली वाकले आणि दाणा शोधू लागले. बराच वेळ शोधला.

"सापडत नाही गं," ते म्हणाले. आवाज मी कधी ऐकला नव्हता असा, अगदी हळू.

आजी जवळ आल्या. "भाऊ, तुमाला इंग्रजी येतं. खरा काय ता सांगा. येवऱ्या लांबशी तो कशाला आलता?"

दादांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"वाट चुकला होता, आजी," ते म्हणाले. "पोरीनं सांगितलं तेच खरं."

आजी डोळे पुसत आत गेल्या. आम्ही दोघं आमच्या दाराकडे निघालो. पायरीवर दादा थांबले आणि छत्री झटकत म्हणाले, "इंग्रजी मात्र सुधारायला हवं तुझं. तिथे सगळं इंग्रजीतूनच शिकवतात."